बाबा हवा खायला जातात

आमच्या बाबांनी रविवारी समुद्रावर फिरायला जायला सुरुवात केली आणि आमच्या घरात संशय शिरला. आज हे कुणाला सांगितलं तर हसतील. आता वरळीच्या किनाऱ्यावर सकाळी बघावं तर रंगीत बूट घालून, कानात बोंडं खुपसून निम्मी मुंबई धावत असते, आणि माझा नातू तर सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून कुठल्या कुठल्या कड्याकपारींतून किनाऱ्याने चालत जातो आणि त्याचे फोटो मला दाखवतो. पण तेव्हा डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीतला माणूस समुद्रावर जायचा तो नारळ टाकायला, गणपती बुडवायला, नाहीतर कुणाची राख घेऊन. नुसतं फिरायला समुद्रावर जायचं, हवा खायची, दगडांवरून चालायचं, ही मलबार हिलवरच्या लोकांची कामं. गिरणीच्या साचाखात्यात मागांपुढे उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एकाएकी हवेची भूक लागते म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, असं आईचं मत होतं.

“हवा खावक जातत!” ती चुलीपुढे बसून स्वतःशीच बोलायची, पण मला ऐकू जाईल अशा बेताने. “इतकी वर्सां कापूस खाल्ल्यानी, तेवा नाय आठावली हवा.”

बाबांचं म्हणणं असं की खोकल्यासाठी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समुद्राची हवा घ्यायला सांगितलीय. खोकला खरा होता. साचाखात्यातल्या सगळ्यांनाच तो असायचा; रात्री चाळीत एका टोकाला एक खोकला की दुसऱ्या टोकाला दुसरा त्याला ओ द्यायचा. पण मग त्यातल्या कुणालाच कसा डॉक्टर समुद्रावर पाठवत नाही? आणि वेळेचं काय? कधी बाबा उजाडता उजाडता निघायचे आणि चहाच्या वेळेला परत. कधी भर दुपारी, रणरणत्या उन्हात, जेवणाचं ताट बाजूला सारून. आईचं माहेर कणकवलीच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. समुद्राचं तिला काही ठाऊक नाही. “दर आयतवारी येळ वेगळी,” ती म्हणायची. “ज्या बाईचो घोव जेवा घराकडे नाय, तेवा जाऊचा लागता ना!” हे ती हसत म्हणायची, पण तवा चुलीवर आपटायची.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरी. आत शिरलं की उजव्या हाताला मोरी, डाव्या हाताला फळीवर पितळेचे डबे, आणि खिडकीशी एक लोखंडी खाट. त्या खाटेवर तेव्हा कुणी झोपत नव्हतं. तिच्यावर गोधड्यांची घडी, उकड्या तांदळाची पिशवी आणि गावाहून आलेल्या कुळथाचं गाठोडं ठेवलेलं असायचं. खाट माझ्या भावाची, वसंतदादाची. त्याचं नाव घरात घ्यायचं नाही असा नियम झाला होता.

दादा पोलिसात भरती झाला तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वारं एवढं सुटलेलं नव्हतं. पिवळी टोपी घालून तो पहिल्यांदा चाळीत आला तेव्हा आईने दारात नारळ फोडला होता आणि पोरं त्याच्या मागे मागे जिन्यावरून चढली होती. शेजारच्या परबकाकींनी त्याची दृष्ट काढली होती. मग मोर्चे सुरू झाले, हरताळ सुरू झाले, अश्रुधुराचा वास गॅलरीपर्यंत यायला लागला, आणि एके दिवशी नाक्यावर गोळी चालली. ती परबकाकींच्या मुलाच्या, सदानंदच्या मांडीत शिरली; जीव वाचला, पण पाय अधू झाला. त्याला चार जणांनी फळीवर घालून नेलं तेव्हा जिन्यावर पडलेलं रक्त काकींनी स्वतः पाणी ओतून धुतलं, दुसऱ्या कुणाला धुऊ दिलं नाही. त्या संध्याकाळी सगळी चाळ गॅलरीत उभी होती, आणि कुणीतरी म्हणालं की त्या बंदोबस्तात वसंता होता. बाबा आमच्या दारात उभे होते. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, “माझ्यापुरतो तो मेलो.” आत येऊन त्यांनी दादाचा टोपीतला फोटो भिंतीवरून उतरवला. दुसऱ्या दिवसापासून आईने भात कमी शिजवायला घेतला, एवढंच.

त्यानंतरचे महिने फार वाईट. सगळी चाळ ‘झालाच पाहिजे’ म्हणून रस्त्यावर उतरत होती, आणि त्याच चाळीत शेजारी शेजाऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होता. कारण पोरं पकडली जात होती. मोर्चाची जागा ठरायची ती चाळीच्या गच्चीवर, दहाबारा जणांच्यात. आणि पहाटे गाडी येऊन त्यातल्याच दोघातिघांना उचलून न्यायची. कुणीतरी खबर देत होतं. चाळ कमिटीचे कृष्णाकाका उघडपणे बोलायचे, “खबऱ्या बाहेरचा नाही. आपल्याच नळावर पाणी भरतोय.” मग नळावर बायका बोलेनाशा झाल्या. कुणाकडे नवीन लुगडं आलं तरी लोक विचार करायचे की हे कुठून आलं. आणि ज्या घरातला मुलगा पोलिसात, त्या घराकडे तर सगळ्यांच्याच माना वळायच्या, बाप काही का म्हणेना.

अशा दिवसांत बाबा हवा खायला जायला लागले.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात. आईने मला कामाला लावलं. “मंदे, तू जा त्यांच्यावांगडा. बघ खंय जातत ते.” मी बाबांना म्हटलं, मलाही समुद्र बघायचाय. ते वहाणा घालत होते. मान वर न करता म्हणाले, “थंय चेडवांचा काय काम? दगड आसत नुसते. पडशीत.” आणि निघून गेले. हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि वर सुका बांगडा. आई दारात उभी राहून त्यांना जिना उतरेपर्यंत बघत राहिली. “हवा खावक जाणारो माणूस,” ती म्हणाली, “वांगडा भाकरी कित्याक नेता?”

पुढच्या रविवारी ते भर दुपारी निघाले आणि मी मागे निघाले. आईने मला तिचं जुनं पातळ डोक्यावरून घ्यायला दिलं होतं, ओळख पटू नये म्हणून. मला भीतीही वाटत होती आणि खोटं कशाला सांगू, थोडी गंमतही. बाबा वरळी नाक्यावरून सरळ समुद्राकडे गेले. खोकत नव्हते. घरात पाठीला पोक काढून बसणारे बाबा झपझप चालत होते, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होते. हवा खाणाऱ्या माणसाला मागे बघायची काय गरज? मी टपऱ्यांच्या, झाडांच्या आडोशाने जात राहिले. समुद्राच्या कठड्याशी आल्यावर त्यांनी डावीउजवीकडे बघितलं, कठड्यावरून पाय टाकला आणि खाली दिसेनासे झाले.

मी कठड्यापाशी पोचले आणि क्षणभर कशासाठी आले तेच विसरले. ओहोटी लागली होती. समुद्र लांब मागे सरला होता आणि त्याने उघडा टाकलेला काळा खडक वरळीच्या किल्ल्यापासून खाली महालक्ष्मीच्या दिशेने पसरला होता, मोडलेला, फाटलेला, मधे मधे पाण्याची डबकी. डबक्यांत आकाश होतं. मी जन्मापासून मुंबईत, समुद्रापासून चालत येण्याच्या अंतरावर, आणि त्याच्या पोटात हे असलं काही आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी खाली उतरले. शेवाळावरून पाय सटकत होते, म्हणून वहाणा हातात घेतल्या. एका डबक्यात नखाएवढे मासे सावली पडली की एका झटक्यात दिशा बदलत होते. खेकडे वाटेतून बाजूला पळत होते. वाट म्हणजे काय, कोळणींच्या पायांनी गुळगुळीत झालेले दगड, एकापुढे एक. त्यांच्यावर पाय ठेवत गेलं की माणूस खडकांच्या आतून आतून जात राहतो आणि कठड्यावरच्या कुणालाही दिसत नाही. हे लक्षात आलं तशी माझी गंमत ओसरली. लपून भेटायला याहून चांगली जागा सबंध मुंबईत नव्हती.

एक कोळीण दगडावर बसून खडकाला चिकटलेली कालवं कोयत्याने फोडत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“कोनाची गो तू पोरी? एकटी कुठं चाललीस?”

मी म्हटलं, “आमचे बाबा पुढे गेलेत.”

“तो खोकल्याचा म्हातारा? त्याला बरं ठाऊक हाय पाणी. ओहटीची येळ बगून येतो. पार त्या मोठ्या दगडाच्या मागं बसतात दोगं.”

दोघं. वेळ दर रविवारी वेगळी का, ते मला कळलं. पण त्या ‘दोघं’चं काय? मला आईचा चेहरा दिसला. ही बातमी तिला कुठल्या तोंडाने सांगायची? मी त्या मोठ्या दगडापर्यंत गेले आणि कडेने डोकावले.

बाई नव्हती. पुरुष होता. पाठमोरा, पांढरा सदरा, मान ताठ, आणि केस कानांच्या वरपर्यंत बारीक कापलेले. असे केस एकाच नोकरीत कापतात. बाबा त्याच्याकडे झुकून काहीतरी सांगत होते, हात हलवून, एकेक बोट मोडून, नावं मोजावीत तसे. तो मान डोलवत होता. मी कान दिले, पण पलीकडे लाट फुटत होती आणि एक शब्द कळत नव्हता. कृष्णाकाकांचं बोलणं डोक्यात घुमायला लागलं. आपल्याच नळावर पाणी भरतोय. आईला वाटत होतं ते परवडलं असतं.

मग त्या माणसाने बांगड्याचा काटा काढून बाजूला टाकायला तोंड वळवलं, आणि तो दादा होता.

मला रडू यायला हवं होतं. दीड वर्षं त्याला बघितलं नव्हतं. पण मन असं की माझा संशय गेला नाही, उलट त्याला धार आली. दादाला भेटतात म्हणजे दादालाच सांगत असणार. मी आडोशातून बाहेर आले. बाबा दचकून उभे राहिले आणि तोल जाऊन त्यांचा पाय डबक्यात गेला.

“तुला आईने पाठवलं?” दादा म्हणाला. तो वाळला होता. कपाळावर टोपीची रेघ, तिच्या वर गोरा, खाली काळा.

मी त्याच्याकडे पाठ केली. बाबांना विचारलं, “तुम्ही याला काय सांगत होता?”

“काय सांगतलंय?” बाबा चिडले. “बापूस झिलाक काय सांगता?”

“बोटं मोडून काय सांगत होता?”

“मंदा, आवाज खाली,” दादा म्हणाला. मी त्याच्याकडे वळले. एवढे महिने चाळीत कुणीच त्याला जे विचारू शकलं नव्हतं ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. “सदाच्या मांडीत गोळी तू घातलीस?”

तो म्हणाला, “माझ्याकडे बंदूक नव्हती. काठी होती.”

“मारलीस?”

बाबा समुद्राकडे बघत होते. “मारली,” दादा म्हणाला. “हुकूम झाला, सगळ्यांनी मारली, मीही मारली. कुणाला लागली ते बघायला डोळे उघडे नव्हते.”

मग बाबाच बोलले, माझ्याकडे न बघता. “मी दर खेपेक सांगतंय, सोड ती टोपी. आयकणा नाय.”

“सोडून कुठे येऊ?” दादा म्हणाला. “चाळीत? येऊ देतील? पोलीस लायनीत ते मला चाळीवाला म्हणून टोचतात, नाक्यावर तुम्ही पोलीसवाला म्हणून. ही एवढीच जागा आहे, आणि ती पण भरती आली की जाते.”

ती येतच होती. आमच्या बोलण्यात पाणी कधी वळलं ते कळलं नाही. येताना कोरडी होती त्या फटीतून आता फेस आत शिरत होता. आम्ही तिघे घाईने परतलो. बाबा पुढे, मग मी, मागे दादा. एका घळीत पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा दादाने मला लहानपणी उचलायचा तसं काखेत धरून पलीकडे ठेवलं. कठड्यावर चढायलाही त्यानेच हात दिला. मी वर आले, आणि कठड्यावर थोड्या अंतरावर कृष्णाकाका बसले होते. चण्याचा पुडा हातात, न उघडलेला. त्यांनी बाबांना बघितलं, मला बघितलं, दादाला बघितलं. उठले आणि वरळी नाक्याच्या दिशेने चालायला लागले. म्हणजे माझ्याही मागे कुणीतरी होतं.

घरी मी आईला सगळं सांगितलं. बाबा खाटेवर कुळथाच्या गाठोड्याशेजारी बसले होते, ओल्या धोतरातच. मला वाटलं आई सुटली, संशय फिटला. आई उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाईल असती तर मी सोसलंय असतंय,” ती म्हणाली. “माझो झील, आणि माझ्यापास्ना चोरून भेटतास? माका सांगलात तो मेलो म्हणान, आणि आपण जाऊन जेवक घालतास?”

“तुका सांगलंय असतंय तर तू रडली असतीस. चाळीक कळला असता.”

“मगे आता काय, कळूक नाय?”

कळलंच होतं. संध्याकाळी कमिटी आमच्या दारापुढे गॅलरीत जमली. कृष्णाकाकांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. “दर रविवारी भेटता?” “भेटतंय.” “लपून?” “लपान.” “मग काय समजायचं आम्ही?” बाबांनी हात जोडले नाहीत की शपथ घेतली नाही. “समजायचा ता समजा,” एवढंच म्हणाले. आत गेले आणि खोकायला लागले. त्या दिवसापासून नळावर आम्ही गेलो की बायका कळशा घेऊन बाजूला व्हायच्या. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या एका मुलाला पोलिसांनी उचललं, आणि सकाळी मी दार उघडलं तर समोरच्या गॅलरीतली सगळी माणसं आमच्याच दाराकडे बघत होती.

रविवारी आई उठली ती न्हाऊन, नऊवारी चापूनचोपून नेसून. तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, तिसऱ्यांचे शिंपले उघडून सुकं केलं, डबा भरला. मग गॅलरीत मधोमध उभी राहून सबंध चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझ्या झिलाक भेटाक जातंय. वरळीच्या दगडार. कोणाक बघूचा आयकूचा आसात, तेणी लपान येव नये. वांगडाच येवा.”

कुणी हललं नाही. कृष्णाकाकांनी मान फिरवली. आणि मग शेजारचं दार उघडलं आणि परबकाकी बाहेर आल्या, पायात वहाणा घालून. “मी येतंय,” त्या म्हणाल्या.

आम्ही चौघं निघालो. खडकांवर आईची फार तारांबळ उडाली. डोंगरावरची बाई, चढउताराची सवय, पण दगड पायाखाली निसटतो याची नाही. बाबा सगळ्यांच्या पुढे. दादाने आईला बघितलं आणि तो जिथे होता तिथेच बसला. आईने त्याच्या पाठीवरून, खांद्यांवरून हात फिरवला, बाजारात कोंबडी चाचपावी तसा, आणि डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला. मग परबकाकी त्याच्यासमोर गेल्या.

“माझ्या सदाक तू बघलंस त्या दिवशी?”

“नाही काकी. मी नाक्याच्या दुसऱ्या टोकाला होतो.”

“बघलं असतंस तर काय केलं असतंस?”

काकी किती तरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. आईने भाकरीचा चतकोर त्यांच्यापुढे केला. त्यांनी घेतला नाही. पण उठूनही गेल्या नाहीत. पाणी वळेपर्यंत बसून राहिल्या.

परत आलो तेव्हा जिन्यात माणसं उभी होती. कृष्णाकाकांनी परबकाकींना विचारलं, “काय वहिनी? काय कळलं? आहे ना खबऱ्या?”

परबकाकी जिना चढता चढता थांबल्या. “तो काय बोलता ता माका ठाऊक नाय,” त्या म्हणाल्या. “इतक्या बघलंय, येताना तो म्हातारो पुढे चलता, आणि एकेका दगडार आधी आपलो पाय दाबून बघता, हालता काय. मगे झिलाक म्हणता, आता ठेव. माझ्या सदाक मी असाच चलवतंय आजकाल.” आणि त्या वर गेल्या.

चाळीचा संशय त्यामुळे फिटला असं मी म्हणणार नाही. नळावर परबकाकी आमच्यासाठी जागा धरायला लागल्या, आणि त्यांना कुणी काही म्हणू शकत नव्हतं, म्हणून आमचं पाणी सुरू झालं. खबर कोण देत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. महाराष्ट्र झाला, चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, पकडलेली पोरं कधीच सुटून आली होती, आणि कृष्णाकाका मरेपर्यंत बाबांशी कामापुरतंच बोलले. दादा पोलिसातच राहिला. सणासुदीला घरी यायचा, खाटेच्या कडेवर बसायचा, पण चाळीत पुन्हा राहिला नाही.

आणि मी? मुलगी असून सांगते, माझ्याही मनात एक कण राहिला होता. ती मोडलेली बोटं मी विसरले नव्हते. बाबा थकले, माझ्याकडे राहायला आले, तेव्हा एका दुपारी मी विचारलंच. “बाबा, खरं सांगा. त्या दिवशी दादाला बोटांवर काय मोजून सांगत होता?”

त्यांना आधी आठवेना. मग हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी पाण्याचा तांब्या धरून बसले.

“गो, खबरच देय होतंय,” ते म्हणाले. “कोणाचा लगीन जमला, कोणाकडे पोर झाला, कोणाच्या घरात काय शिजला. एक एक घर इचारायचो तो, पयल्या मजल्यापास्ना. चाळ सोडून जीव रमणा नाय होतो त्येचो. ह्येका खबरी म्हणूचा तर म्हण.”

मी म्हटलं, “मग तेव्हा चाळीला हे का नाही सांगितलंत?”

“कोणाक पटला असता?” त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. थोड्या वेळाने तसेच डोळे मिटून म्हणाले, “सगळ्यात पयला तो सदाचा इचारायचो. पाय टेकता काय आता, म्हणान.”